ओझं ओढणारी गाडी, ओझं ढकलणारा उतार

लॉस एंजेलिस शहरात 12 ऑक्टोबर 2012 च्या रात्री एक वरात निघाली होती. नवरदेव होतं 'एंडेव्हर' हे निवृत्त अंतराळयान. विमानतळावरून कॅलिफोर्निया सायन्स सेंटरकडे, मुंगीच्या पावलांनी. वाटेत 405 क्रमांकाच्या महामार्गावरचा पूल आला. यान वाहून आणणाऱ्या बहुचाकी यंत्रगाड्यांचा भार त्या पुलाला झेपणारा नव्हता. म्हणून यान एका हलक्या गाड्यावर चढवलं आणि त्या गाड्यापुढे टोयोटाची टुंड्रा ही पिकअप जुंपली. गाड्यासकट वजन सुमारे 132 टन. टुंड्राची अधिकृत ओढण्याची मर्यादा साडेचार टनांच्या आसपास. तरी पिकअपने पूल पार केला, कॅमेरे लखलखले आणि कंपनीला वर्षभर पुरेल एवढी जाहिरात मिळाली. पुढे 2019 मध्ये फोर्डने आपल्या विजेवर चालणाऱ्या एफ-150 च्या नमुन्याकडून रेल्वेचे दहा दुमजली डबे ओढून घेतले. वजन दहा लाख पौंडांहून जास्त, म्हणजे साडेचारशे टन.

दोन्ही प्रसंग खरे आहेत. त्यात लबाडी नाही, फक्त निवड आहे. सपाट रस्त्यावर चाकांवरचं ओझं हलवायला त्याच्या वजनाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासचा जोर पुरतो. रेल्वेच्या पोलादी रुळांवर त्याहूनही कितीतरी कमी, इतका की साडेचारशे टनांच्या डब्यांना टनभराच्या आसपासचा जोर लावला की ते चालू लागतात. म्हणजे असले पराक्रम चाकाचे जास्त आणि इंजिनाचे कमी असतात. त्या चित्रफितींत एक गोष्ट कोणी दाखवत नाही. हेच एंडेव्हर 6 टक्क्यांच्या उतारावर, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर असतं, तर त्याने पिकअपला मागून सतत आठ टनांचा रेटा दिला असता. तेव्हा कोण कोणाला नेतंय, हा प्रश्न उरला नसता.

पिकअपने जड ओझं ओढणं या विषयाचा सगळा पीळ या उलटापालटीत आहे. चढावर गाडी ओझ्याला ओढते, उतारावर ओझं गाडीला ढकलतं. जाहिरात पहिल्या अर्ध्याची असते, अपघात बहुधा दुसऱ्या अर्ध्यात होतात.

अमेरिकेत हा विषय हौशीचा नाही, रोजच्या जगण्याचा आहे. तिथे पिकअपच्या मागे होडी असते, घोडे असतात, गवताच्या गासड्या असतात, दोन खोल्यांचं फिरतं घर असतं. घर बदलताना सामानाचा भाड्याचा ट्रेलर असतो. त्या देशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही कधी ना कधी हा प्रसंग येतो. आयुष्यभर छोटी मोटार चालवलेला माणूस एके दिवशी मागे अडीच-तीन टनांचा कॅम्पर जोडतो आणि रॉकी पर्वताच्या दिशेने निघतो. परवाना साध्या मोटारीचा, अनुभव पुण्या-मुंबईच्या घाटाचा आणि भरवसा माहितीपत्रकातल्या एका आकड्यावर.

त्या आकड्याचीही एक कहाणी आहे. बरीच वर्षं प्रत्येक कंपनी आपल्या पिकअपची ओढण्याची क्षमता आपल्याच मापाने ठरवी, आणि शेजाऱ्याने दहा हजार पौंड म्हटलं की आपण साडेदहा म्हणायचे, असा मामला होता. 2008 मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे-2807 नावाची समान परीक्षा प्रसिद्ध केली. ट्रेलर जोडून 12 टक्क्यांच्या चढावर पाच मिनिटांत पाच वेळा पुढे आणि पाच वेळा मागे निघून दाखवायचं, सपाटीवर ठरावीक वेळात वेग घ्यायचा, ट्रेलर वळवळला तर तो आपोआप शांत होतो की नाही ते तपासायचं. या परीक्षेतला सगळ्यात प्रसिद्ध पेपर म्हणजे ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा चढ. 11.4 मैलांचा रस्ता, सुमारे तीन हजार फुटांची चढाई, वाळवंटातलं ऊन आणि वातानुकूलन पूर्ण सुरू. मागच्या आसाला दोनच चाकं असलेल्या पिकअपचा वेग ताशी 40 मैलांखाली जाता कामा नये. टोयोटाने 2011 च्या गाड्यांना हे माप सगळ्यांत आधी लावलं. त्यासरशी टुंड्राचा जाहीर आकडा काही शे पौंडांनी खाली आला. गाडी तीच, फक्त फूटपट्टी खरी. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्या आपल्या मुख्य पिकअपना ती पट्टी लावायला 2015 च्या गाड्यांपर्यंत थांबल्या, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही.

परीक्षेत ब्रेकचाही भाग आहे. पण लोकांच्या तोंडी राहिला तो चढ. उतरण्याचा असा नावाजलेला पेपर नाही.

माहितीपत्रकातला मोठा आकडा आणि प्रत्यक्ष गाडी यांच्यामध्ये आणखी एक छोटा आकडा उभा असतो. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो आणि बहुतेकांनी तो कधी वाचलेला नसतो. गाडीत माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. ट्रेलरचा याच्याशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे तो ट्रेलर पिकअपला जोडणाऱ्या दांडीचा. ट्रेलर आपला थोडा भार जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे पिकअपच्या शेपटीवर टाकतो. हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा, असा अमेरिकेतला दंडक आहे. तीन टनांच्या ट्रेलरचे तीनशे ते साडेचारशे किलो थेट पिकअपवर येतात. त्यात पाच माणसं, बर्फाची पेटी, मुलांच्या सायकली आणि कुत्रा चढला, की सहा टन ओढण्याची शेखी मिरवणारी पिकअप तीन टनांतच भरून जाते.

मग दांडीवरचा भार कमी का करू नये? सामान थोडं मागे सरकवलं की झालं! हा मोह घातक आहे, आणि तो का घातक आहे हे बैलगाडी भरलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, धुरा आभाळाकडे पाहतो. ओझं फार पुढे आलं तर जू मानेत रुततं. गाडीवान दोन पोती पुढे, एक पोतं मागे करत तो तोल हाताने जोखतो. उलाळ ट्रेलर पिकअपचं शेपूट वर उचलू पाहतो आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात हळूहळू डावी-उजवीकडे झुलायला लागतो. शेजारून एखादा मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला, उतारावर वेग थोडा वाढला, की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. यू-हॉल ही 1945 पासून ट्रेलर भाड्याने देणारी कंपनी म्हणूनच साठ टक्के ओझं पुढच्या अर्ध्यात भरायला सांगते आणि ताशी 55 मैलांची मर्यादा घालून देते. ती मर्यादा अनेकांना जाचक वाटते. पण ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. ताशी 55 ऐवजी 65 मैलांनी निघालेल्या माणसाला थांबायला जवळपास चाळीस टक्के जास्त रस्ता लागतो.

युरोपात मात्र दांडीवरचा हा भार पुष्कळ हलका ठेवतात, तरी तिथले ट्रेलर उलटेपालटे होत फिरत नाहीत. कारण तिथे वेग कमी असतो. जर्मनीत ट्रेलरसह ताशी 80 किलोमीटर ही सर्वसाधारण मर्यादा आहे. म्हणून एकच गाडी अटलांटिकच्या दोन काठांवर दोन वेगवेगळी वजनं ओढण्यास पात्र ठरते. मर्यादा एकट्या लोखंडाची नसते, रस्त्याच्या रीतीचीही असते.

आता ब्रेक. अडीच टनांची पिकअप आणि तीन टनांचा ट्रेलर ही जोडी घ्या. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर साडेपाच टन थांबवायचे आणि रस्ता पकडायला मात्र पिकअपचीच चार चाकं. थांबायचं अंतर सहज दुपटीच्या वर जातं. वर, वळणावर जोरात ब्रेक दाबला तर मागचे तीन टन सरळ जायला पाहतात आणि गाडी-ट्रेलरची जोडी कात्रीसारखी मिटते. म्हणून अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत 3,000 पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ब्रिटनमध्ये ही सीमा 750 किलोंची आहे.

ट्रेलरच्या ब्रेकला 'आता लाग' हे सांगायचं कसं, यावर दोन वेगळ्या तऱ्हेच्या डोक्यांनी दोन वेगळी उत्तरं काढली. युरोपातलं उत्तर कल्पक आहे. पिकअप थांबू लागली की ट्रेलर तिला मागून ढकलतो. तो धक्काच जोडणीतला दांडा आत सारतो आणि ट्रेलरचे ब्रेक आवळतो. गुन्हा करणाऱ्यालाच हवालदार केलं! यू-हॉलच्या मोटार वाहून नेणाऱ्या ट्रेलरांतही हेच तत्त्व हायड्रॉलिक रूपात असतं. अडचण लांब उतारावर येते. तिथे ट्रेलर सतत ढकलतच असतो, त्यामुळे ब्रेक सतत थोडे घासत राहतात आणि तापतात.

अमेरिकेतलं रुळलेलं उत्तर विजेचं. प्रत्येक ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. वीज सुटली की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्याच्याबरोबर ओढला जातो आणि ती ओढ तरफेने लायनर ड्रमवर दाबते. किती वीज सोडायची हे ड्रायव्हरच्या हाताशी असलेली एक छोटी पेटी, कंट्रोलर, ठरवते. स्वस्त कंट्रोलर नुसता वेळ मोजतो. पाय ब्रेकवर पडला की ठरलेल्या गतीने वीज वाढवत जातो, मग समोर लाल दिवा असो की लहान मूल. चांगला कंट्रोलर गाडी किती जोरात मंदावतेय ते ओळखतो आणि तेवढाच ट्रेलरला धरतो. त्या पेटीवर हाताने चालवायचा एक खटकाही असतो. ट्रेलर झोके घेऊ लागला तर पायाने करकचून ब्रेक मारणं हा माणसाचा सहजस्वभाव, आणि नेमकं तेच करायचं नसतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मागून धरलं की जोडी ताणली जाते आणि वळवळ थांबते. ही गोष्ट कागदावर वाचून हाताला येत नाही. रिकाम्या मैदानात सवय करावी लागते.

आणि दांडीच निसटली तर? ट्रेलरवर एक छोटी बॅटरी आणि एक खुंटी असते. खुंटीची तार पिकअपला बांधलेली असते. ट्रेलर सुटला की खुंटी उपटली जाते आणि बॅटरी ट्रेलरचे ब्रेक पूर्ण लावते. व्यावसायिक वाहतुकीच्या अमेरिकी नियमानुसार ते किमान पंधरा मिनिटं लागलेले राहायला हवेत. दुवा तुटला की ब्रेक लागलेच पाहिजेत, हा विचार जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1872 मध्ये आगगाडीच्या स्वयंचलित हवेच्या ब्रेकमध्ये आणला होता. मराठी प्रवाशाला त्याचं ऋण कळायला बोरघाट पुरेसा आहे. 1863 पासून गाड्या 37 मीटरला एक मीटर अशा तीव्र चढ-उतारावरून तिथे ये-जा करतात. शिवाय ताबा सुटलेली गाडी चढावर वळवून थोपवणाऱ्या बाजूच्या रुळांची सोयही त्या घाटात आहे. रेल्वेच्या हिशेबात हा भयंकर उतार 2.7 टक्के भरतो. मोटाररस्त्यांचे घाट याच्या दुप्पट असतात, आणि तिथे प्रत्येक जण स्वतःच्या मर्जीचा मोटरमन.

ब्रेक म्हणजे शेवटी काय? वेगाची किंवा उंचीची उष्णता करणारं यंत्र. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिमेचं तोंड 11,158 फुटांवर आहे. तिथून सिल्व्हरथॉर्न गावापर्यंतचा आंतरराज्य महामार्ग थोड्याच मैलांत साडेसहाशे मीटरच्या आसपास खाली येतो. आपली साडेपाच टनांची जोडी तो उतार उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात शंभरेक लिटर गार पाणी उकळेल. हवा आणि टायर त्यातला काही वाटा घेतात. उरलेली उष्णता, ड्रायव्हरने दुसरी सोय केली नाही तर, काही किलो लोखंडाच्या चकत्यांत आणि ड्रमांत जाते. लायनर तापून गुळगुळीत होतात, करपट वास येतो. मग ब्रेक ऑइलची पाळी. डॉट-3 जातीचं नवं ऑइल 205 अंशांपर्यंत तरी उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं आणि भिजलेल्या ऑइलसाठी प्रमाणित किमान मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येते. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली तर नुसती आकसते. पेडल तळाला जाऊन टेकतं. 'ब्रेक फेल' या शब्दांमागे पुष्कळदा एवढंच असतं. ब्रेक मोडलेला नसतो, त्याच्याकडून त्याच्या ताकदीपलीकडचं काम करून घेतलेलं असतं.

ती दुसरी सोय म्हणजे इंजिन. क्लेसी कमिन्स या डिझेल इंजिनवाल्याला तिची किंमत 1931 च्या ऑगस्टमध्ये कळली. आपल्या इंजिनाची ख्याती व्हावी म्हणून तो साथीदारांसह न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला ट्रक घेऊन निघाला होता. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीच्या उतारावर ब्रेक निकामी झाले. खाली रस्त्याला आडवा लोहमार्ग, आणि त्यावरून मालगाडी जात होती. तिचा शेवटचा डबा फाटकातून सरकला आणि त्याच क्षणी ट्रक पलीकडे गेला. त्या उतारावर पेरलेली कल्पना उगवायला वीसहून जास्त वर्षं लागली. निवृत्तीनंतर कमिन्सने अशी यंत्रणा जुळवली की इंजिन हवा दाबतं आणि दाबलेल्या हवेची ताकद परत चाकाला मिळण्याआधीच झडप उघडून ती बाहेर सोडून देतं. गाडी पुढे नेणारं इंजिन गाडी धरणारा पंप झालं. ड्रिल मशीनचे चक बनवणाऱ्या जेकब्स कंपनीने 1961 मध्ये ही यंत्रणा बाजारात आणली. मोठ्या ट्रकांचा 'जेक ब्रेक' तो हाच. त्याच्या फटफटाटाला कंटाळून अमेरिकेतल्या अनेक गावांनी वेशीवर मनाईच्या पाट्या लावल्या आहेत. कमिन्स हे नाव पुणेकराला कॉलेजमुळे पाठ असतं. त्याच्या कंपनीने 1962 मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात पाय रोवले. पण ते नाव कोण्या काळी उतारावरून निसटत्या ट्रकमध्ये बसलं होतं, हे कर्वेनगरच्या चहाच्या टपरीवर फारसं कोणाला ठाऊक नसावं.

पिकअपमध्ये ही सोय वेगळ्या वाटेने आली. डॉज रॅमच्या 6.7 लिटरच्या कमिन्स डिझेल इंजिनाला 2007 मध्ये कारखान्यातूनच एक्झॉस्ट ब्रेक मिळाला. तो धुराची वाट आवळून इंजिनाला जखडतो. पेट्रोलच्या पिकअपमध्ये खालचा गिअर हाच एक्झॉस्ट ब्रेक. घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम होता, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. आजच्या ताकदवान इंजिनांना चढताना वरचा गिअर चालून जातो, म्हणून उतरताना त्याहूनही एक खालचा गिअर टाकणं शहाणपणाचं. गिअर उतार लागण्यापूर्वी पडायला हवा. वेग तरीही वाढला तर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. तीनेक सेकंद ठामपणे दाबायचा, वेग ताशी पाच मैलांनी उतरवायचा, पाय काढायचा. मधल्या वेळात ब्रेकना वारा लागतो. अमेरिकेतल्या ट्रकचालकांच्या परवान्याच्या पुस्तिकेत हीच रीत शिकवली आहे.

याच्या नेमकं उलट काय होतं, ते पुण्यातल्या नवले पुलाने 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पाहिलं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून येणाऱ्या लांब उतारावर एका मालवाहू ट्रकने कितीतरी वाहनांना धडक दिली. डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. इंजिन बंद केलं की ते गाडी धरेनासं होतं आणि ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो. इतकी जोखीम कशासाठी? आजची इंजिनं गिअरमध्ये राहून उतरताना पाय काढला की इंधन स्वतःच तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरतं ठेवायला थोडं इंधन जळत राहतं. बचतीचा हा हिशेब डिझेलच्या टाकीतही जुळत नाही.

महाराष्ट्रात पिकअपच्या मागे ट्रेलर क्वचितच दिसतो. आपली पिकअप ओझं पाठीवर घेते, आणि बरेचदा पेलवेल त्याहून जास्त घेते. ओढण्याचं काम ऊसपट्ट्यात ट्रॅक्टर करतो. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात, उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला रेटते. मागचा गडी चाकाखाली सारायला दगड घेऊन बसलेला असतो. शेतात वळण्यासाठी ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन वेगळी ब्रेक पेडलं असतात. रस्त्यावर ती जोडून न घेता एकच दाबलं गेलं तर भरल्या ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर एका अंगाला फिरतो.

पुढच्या प्रकरणांत जोडणीचे प्रकार, वजनाची मोजणी, कंट्रोलरची जुळवणी आणि उतार हे क्रमाने येतील. त्याआधी वाचकाने एक प्रयोग करून पाहावा. भरलेला ट्रेलर जोडून रिकाम्या मैदानात ताशी तीसेक किलोमीटरचा वेग घ्यावा, ब्रेकच्या पेडलला पाय न लावता कंट्रोलरचा खटका हाताने दाबावा. ट्रेलरने पिकअपला मागून धरलेलं कमरेला स्पष्ट जाणवलं पाहिजे. काहीच जाणवलं नाही तर वीज वाढवायची, ट्रेलरची चाकं घसटत आवाज करू लागली तर कमी करायची. मग सामान उतरवून रिकाम्या ट्रेलरने तोच प्रयोग पुन्हा. दोन्ही वेळचे आकडे वेगळे निघतील. ते खडूने ट्रेलरच्या दांडीवर लिहून ठेवावेत.